उन्हाळी उमेदवारी: व्यावसायिक नाटकाच्या कुठल्या खात्यात नेमकं काय करावं लागतं?

तिसरी_घंटा

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत "मे महिन्यात एखाद्या नाटकाकडे काम शिकायला मिळेल का?" अशी विचारणा सुरू होते आणि उत्तरं दहा ठिकाणी विखुरतात. ती एका जागी यावीत म्हणून हा धागा. मराठी व्यावसायिक नाटकापुरताच ठेवू या. अभिनयाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, इथे पडद्यामागची खाती घेऊ.

आपल्याकडे इंटर्नशिपची जाहिरात सहसा निघत नाही. ही जुन्या अर्थाने उमेदवारीच असते. नाटकाच्या जाहिरातीत 'सूत्रधार' म्हणून ज्यांचं नाव असतं त्यांना किंवा व्यवस्थापकांना विचारायचं. नटांकडून शब्द टाकायला लावू नका, विंगेत कोण उभं राहणार हे ते ठरवत नाहीत. विचारण्याआधी ते नाटक तिकीट काढून दोनदा बघा. पहिल्यांदा नाटक म्हणून बघा. दुसऱ्यांदा फक्त बदल टिपा: उजेड कधी बदलला, कुणी किती वेळा कपडे बदलले, कुठली वस्तू कुठल्या विंगेतून आली. अर्ज एका पानाचा पुरे. त्यात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत मोकळे आहात, रात्रीचा प्रयोग संपल्यावर घरी कसे जाणार, दौऱ्याला येऊ शकता का आणि हाताला काय येतं (शिवण, सोल्डरिंग, सुतारकाम, हिशेब) एवढं लिहा. "रंगभूमीची आवड आहे" हे सगळेच लिहितात, त्यावरून कुणाला काही ठरवता येत नाही.

सुट्टीत दोन वाटा असतात. एक, चालू नाटक. गुरुवार ते रविवार प्रयोग, म्हणजे सहा आठवड्यांत साधारण वीस. दुसरी, बालनाट्य. त्याच्या तालमी सुट्टी लागण्याआधीच सुरू होतात आणि मे महिन्यात प्रयोगांची रांग लागते. नव्याने उभं राहणारं नाटक पहिल्या तालमीपासून बघायचं असेल तर बालनाट्यच बरं, कारण शुभारंभापर्यंतचा सगळा प्रवास सुट्टीत मावतो.

कुठलंही खातं असलं तरी आधी घड्याळ समजून घ्या. दुपारी साडेचारचा प्रयोग आहे आणि सकाळच्या सत्रात दुसरं नाटक आहे, तर रंगमंच हाती येईपर्यंत दोन वाजतात. म्हणजे अडीच तास, त्यातली शेवटची २० मिनिटं प्रेक्षक आत येण्याची. त्यामुळे क्रम ठरलेला असतो. आधी डोक्यावरचे दिवे, मग जमिनीवरच्या खुणा, मग फ्लॅट (नेपथ्याच्या भिंतींचे सुटे तुकडे), फर्निचर, दिव्यांचं फोकसिंग, आवाजाची तपासणी, शेवटी प्रॉपर्टी (प्रयोगात वापरायच्या सुट्या वस्तू). फ्लॅट आधी उभे केले तर शिडी आत येत नाही आणि वरचा एकही दिवा टांगता येत नाही. उमेदवार आपल्या खात्याचं काम मनापासून पण चुकीच्या क्षणी करायला जातो आणि दोन खाती खोळंबतात. पहिल्या आठवड्यात हा क्रम अंगवळणी पडला तरी पुष्कळ झालं.

माझं मत: दर आठवड्याला एक खातं असं फिरत राहावं. जाणकारांनी आपापल्या खात्याबद्दल सविस्तर लिहावं.

सूतदोरी

नेपथ्य. उमेदवाराचं पहिलं काम फ्लॅट उचलणं नाही, मोजणं. प्रत्येक नाट्यगृहाची दर्शनी कमान दोन-चार फुटांनी कमी-जास्त असते, खोलीही वेगळी. नेपथ्य मात्र तेच.

पद्धत अशी. कमानीच्या दोन्ही कडांमधलं अंतर मोजा, मध्य काढा, तिथे खडूची खूण. आता या मध्यातून मागच्या पडद्याकडे काटकोनात रेघ हवी. डोळ्याने मारली तर ती हमखास तिरकी जाते. मध्यापासून कमानीच्या रेषेवर ६ फूट मोजा. एका टेपचं टोक मध्यावर धरून ८ फूट मागे घ्या, दुसऱ्या टेपचं टोक त्या ६ फुटांच्या खुणेवर धरून १० फूट घ्या. दोन्ही टेप जिथे मिळतात तिथून मध्यापर्यंत सूत मारा. हा काटकोन. ३-४-५ नेही येतो, पण त्रिकोण मोठा तितकी चूक कमी. पुढे दाराची जागा, कोचाचे पाय, लेव्हलचे (उंच चौथऱ्यांचे) कोपरे ही सगळी मापं याच रेघेपासून.

कमान लहान निघाली तर काय सोडायचं हे आधीच कागदावर ठरलेलं असावं. सर्वसाधारण नियम असा की दारं आणि फर्निचर मध्यापासून होतं तेवढ्याच अंतरावर ठेवायचं, कडेचे फ्लॅट आत वळवायचे किंवा गाळायचे. दार दीड फूट सरकलं की नटाची पावलं चुकतात आणि दारावरचा दिवा दाराच्या शेजारी पडतो.

फ्लॅट एकमेकांना जोडायला पिन निघणाऱ्या बिजागऱ्या असतात. या पिना हरवणं हा नेपथ्याचा कायमचा आजार. उमेदवाराने एक डबा स्वतःच्या ताब्यात घ्यावा. उतरवताना पिना मोजून डब्यात, लावताना मोजून बाहेर, चार जास्तीच्या. पिनेऐवजी खिळा ठोकला तर त्या प्रयोगाचं भागतं, पण बिजागरीचं भोक रुंदावतं आणि पुढच्या प्रयोगात दार लावलं की भिंत हलते. भिंत हलण्याचं दुसरं कारण म्हणजे ब्रेसवर (फ्लॅटला मागून देतात त्या तिरक्या टेकूवर) वजन न ठेवणं. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंना ब्रेस हवी, एका बाजूला ठेवली तर जोरात दार आपटल्यावर चौकट पिळते.

अंधारात नटाला दिसाव्यात म्हणून लेव्हलच्या कडांना रेडियम टेपचे बोटभर तुकडे लावतात. हा टेप उजेड पिऊनच चमकतो. आधीच्या प्रवेशात त्या कोपऱ्यावर उजेड नसेल तर काळोखात तो दिसत नाही. खुणा लावताना प्रकाशवाल्यांना विचारा.

निळा_जिलेटिन

तिसरी_घंटा, दर आठवड्याला खातं बदलण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. आठवड्याला तीन-चार प्रयोग. पहिल्या प्रयोगात माणूस फक्त बघतो, दुसऱ्यात चुका करतो, तिसऱ्यात कुठे हात लावू नये ते कळतं. तेवढ्यात आठवडा संपला. सुरुवातीला चार खात्यांत दोन-दोन प्रयोग उभं राहावं आणि उरलेले बारा एकाच खात्यात काढावेत.

आता प्रकाश. पहिलं गणित विजेचं. १००० वॅटचा पार किंवा पीसी (दोन्ही रंगमंचावरच्या दिव्यांचे प्रकार) २३० व्होल्टला सुमारे ४.३५ अँपियर घेतो. म्हणजे १५ अँपियरच्या सॉकेटवर तीन, चौथा नाही. डिमरचा (उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचा) चॅनल १० अँपियरचा असेल तर दोनच. चौथा दिवा लावल्यावर लगेच काही होत नाही, हीच अडचण आहे. तालमीत दिवे अर्ध्यावर असतात, चालून जातं. प्रयोगात सगळे पूर्ण पेटतात आणि ऐन वेळी ब्रेकर पडतो.

हॅलोजनचा बल्ब बदलताना काचेला उघडं बोट लावायचं नाही. हाताचं तेल तापलेल्या क्वार्ट्‌झवर डाग धरतं, तिथे काच कमजोर होते आणि बल्ब फुटतो. कागदात धरून बसवा. चुकून हात लागला तर थंड असतानाच स्पिरिटने पुसा.

एलईडी पारसाठी पत्ते, म्हणजे प्रत्येक दिव्याचा सुरुवातीचा चॅनल क्रमांक. दिवा सात चॅनलच्या मोडवर असेल तर पहिला १ वर, दुसरा ८, तिसरा १५, चौथा २२. एखादा दिवा आधीच्या नाटकाने चार चॅनलच्या मोडवर ठेवलेला असतो. त्याचा पत्ता बरोबर असूनही लालच्या जागी भलताच रंग येतो. म्हणून पत्त्याआधी मोड बघा. दिवे अधूनमधून लुकलुकत असतील तर दोन संशयित: डीएमएक्सच्या (दिव्यांना आज्ञा नेणाऱ्या) केबलच्या जागी वापरलेली माइकची केबल किंवा शेवटच्या दिव्याला टर्मिनेटर नसणं. टर्मिनेटर म्हणजे एक्सएलआर प्लगच्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रोधक. काही रुपयांत सोल्डर करून होतो. उमेदवाराने असे दोन करून खिशात ठेवावेत.

जिलेटिनचे (दिव्यापुढे लावतात त्या रंगीत पारदर्शक तुकड्यांचे) क्रमांक पाठ करा, रंगांची नावं नकोत. 'निळा' म्हटलं की प्रत्येकाच्या मनात वेगळा निळा असतो. ली कंपनीचा २०१ हॅलोजनला दिवसाच्या उजेडाकडे नेतो, २०४ उलट थंड उजेडाला हॅलोजनच्या पिवळेपणाकडे आणतो. समोरून हॅलोजन आणि बाजूने थंड पांढरा एलईडी असला की चेहरा अर्धा पिवळा, अर्धा निळसर दिसतो. अशा वेळी एलईडीपुढे २०४ लावून बघा. १८१ सारखे गडद निळे सगळ्यात आधी जळतात, कारण बाकीचा जवळजवळ सगळा उजेड ते उष्णतेच्या रूपात पोटात घेतात. दर प्रयोगाआधी फ्रेम खिडकीसमोर धरा. मध्यभागी फिकट गोल दिसला की तुकडा बदला.

आणि क्यूशीट, म्हणजे उजेड कधी बदलायचा त्या खुणांची (क्यूंची) यादी. मराठी नाटकात बरेचदा हेडफोनवरून क्यू देणारं कुणी नसतं, प्रकाशवाला संहितेवरून आणि नटाच्या हालचालीवरून स्वतःच क्यू घेतो. सगळं त्याच्या डोक्यात असतं. तो आजारी पडला की नाटक अडतं. उमेदवाराने करून देण्यासारखं सर्वांत मोलाचं काम म्हणजे ही क्यूशीट लिहून काढणं. क्रमांक १०, २०, ३० असे द्या, मध्ये नवा क्यू आला तर १५ घालता येतो. प्रत्येकापुढे पान, क्यूचं वाक्य किंवा हालचाल, किती सेकंदांत बदल, कुठले दिवे. "ती उठते" असं लिहू नका. "ती कप ठेवते, उठायला लागते" असं लिहा. उठल्यानंतर दिलेला क्यू उशिराचा असतो.

दुसरा_प्रवेश

माहितीपूर्ण धागा. दोन प्रश्न. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला नेपथ्यात नुसती हमाली न करता काही करता येईल का? आणि कॉलेजला दाखवायला काय मिळतं?

सूतदोरी

नक्की करता येईल. चालू नाटकांचे मोजून काढलेले नकाशे बरेचदा नसतातच. शुभारंभाच्या वेळचा नकाशा असतो, पुढे दौऱ्यात बदल होत जातात. तिने उभ्या नेपथ्याची मापं घेऊन अर्धा इंच म्हणजे एक फूट या प्रमाणात वरून दिसणारा आराखडा आणि प्रत्येक फ्लॅटचं क्रमांकासह चित्र काढावं. शिवाय तीन-चार नाट्यगृहांचे आराखडे काढून त्यावर हेच नेपथ्य बसवून दाखवावं. निर्मात्याला त्याचा रोज उपयोग आहे आणि कॉलेजलाही तेच दाखवता येईल. प्रमाणपत्र हवं असेल तर निर्मितीसंस्थेच्या लेटरहेडवर तारखा, खातं आणि प्रयोगसंख्या लिहून घ्या. पहिल्या दिवशीच सांगून ठेवा, शेवटच्या प्रयोगाच्या रात्री कुणाला वेळ नसतो.

पण उचलायचं नाही असं मनात ठेवून येऊ नये. फ्लॅट उचलल्याशिवाय तो कुठे जड आहे ते कळत नाही.

पन्नास_हर्ट्झ

ध्वनीबद्दल.

लॅपटॉप विमान मोडवर, सूचना बंद, झोपी जाणं बंद, चार्जर लावलेला. फाइली डिस्कवर, इंटरनेटवरून काही वाजवायचं नाही. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीची शांतता कापा. दाराच्या घंटेआधी अर्धा सेकंद मोकळा असला तरी नट आधीच दाराकडे निघतो. दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा निदान फोनवर त्याच क्रमाने सगळं ठेवा आणि त्याची वायर मिक्सरला आधीच जोडलेली असू द्या. चार्जर लावल्यावर घूं असा आवाज येत असेल तर तो ५० हर्ट्‌झचा, जमिनीच्या जोडणीचा. चार्जर काढणं हा उपाय नव्हे, डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये जोडायची डबी) लावा.

माइक कमीत कमी उघडे ठेवा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की स्पीकरमधून शिट्टी (फीडबॅक) येण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. समोर कुणी नसताना कडेचा फूट माइक (रंगमंचाच्या पुढच्या काठावर ठेवलेला) उघडा असेल तर तो फक्त स्पीकरच ऐकत असतो. रिकाम्या सभागृहात ठरवलेली पातळी भरलेल्या सभागृहात कमी पडते, माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. एसीचा आवाज वेगळाच. म्हणून खुणा दोन ठेवा, रिकामं आणि भरलेलं.

अंगावरच्या माइकच्या बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाला नव्या. त्याच दिवशी दोन प्रयोग असतील तर मध्ये पुन्हा बदला, "अजून दोन काड्या आहेत" यावर विसंबू नका. साडी असेल तर पदर माइकवर घासतो, मंगळसूत्र त्यावर आपटतं. केसांच्या रेषेत, कपाळाच्या वर माइक बसवला की दोन्ही टळतं. तिथे घाम येतो, म्हणून आधी त्वचा कोरडी करून मग मेडिकल टेप. यासाठी रंगभूषेच्या आधी नाही, रंगभूषा झाल्यावर केस बांधताना जागा मागून घ्या.

कपडेपट_कोपरा

पन्नास_हर्ट्झ यांनी पदराचं लिहिलं ते फार बरं केलं, हे दोन्ही खात्यांनी मिळूनच सोडवायचं असतं.

कपडेपटात उमेदवाराच्या हाती यादी येते: पात्र, प्रवेश, कपडा, दागिना, पादत्राण. पण खरं काम विंगेतल्या बदलाचं. ४० सेकंदांत बदल असेल तर कपडे चढवण्याच्या उलट क्रमाने रचायचे, आधी लागणारा सर्वांत वर. सगळे कपडे एकाच दिशेला तोंड करून, बुटांच्या नाड्या सैल, बाह्या सरळ. शर्टाला वरून दिसायला बटणं आणि आत वेल्क्रो. मात्र पलीकडे रंगमंचावर शांत प्रवेश चालू असेल तर वेल्क्रोचा चर्र आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत जातो. तिथे प्रेसबटण. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, ती विंगेत नेसवणं शक्य नाही, म्हणून झटपट बदलाला शिवलेली. सबंध प्रवेशभर तीच असेल तर नेसवलेलीच, चालण्यात फरक दिसतो.

पांढरा शर्ट दिव्याखाली डोळ्यात भरतो आणि चेहरा काळवंडतो. सुती शर्ट कोऱ्या चहाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून काढला की पांढरेपणा मरतो आणि तरी तो पांढराच दिसतो. पॉलिस्टरला चहा धरत नाही, तिथे कापडच ऑफव्हाइट घ्या.

उन्हाळ्यात घाम हा मोठा शत्रू. प्रयोग संपल्यावर ओले कपडे घडी करून पेटीत घातले की दोन दिवसांत बुरशीचे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. आधी हँगरवर वारा, मग पेटी. जरीवर अत्तर किंवा सेंट मारू देऊ नका, जर काळी पडते. आतून सुती अस्तर किंवा बनियन प्रत्येकाला दोन जोड.

रंगभूषेचं थोडक्यात, कारण ते खातं उमेदवाराला लगेच चेहऱ्याला हात लावू देत नाही, आणि ते बरोबर आहे. स्पंज आणि ब्रश एकाचे दुसऱ्याला वापरायचे नाहीत. मिशी चिकटवताना घाम पुसून, स्पिरिट गम लावून तो बोटाला चिकट लागेपर्यंत थांबायचं, मगच जाळी दाबायची. ओल्या गमवर लावलेली मिशी पहिल्या हसण्याला सुटते. काढताना रिमूव्हरने, ओढून नाही. आणि चेहरा आरशाच्या दिव्याखाली बघून भागत नाही, रंगमंचाच्या उजेडात बघा. निळ्या-हिरव्या एलईडीत लाल ओठ काळे दिसतात.

तिसरी_घंटा

निळा_जिलेटिन, तुमचं पटलं. चार खाती, दोन-दोन प्रयोग, मग एकच खातं. मूळ धाग्यातलं मत बदललं असं समजावं.

रंगमंच व्यवस्था आणि प्रॉपर्टीबद्दल मीच लिहितो. दोन्ही विंगांत एकेक टेबल, त्यावर ब्राउन पेपर, प्रत्येक वस्तूभोवती स्केचपेनने कड काढून नाव. रिकामी कड लांबून दिसते, यादी वाचावी लागत नाही. तपासणी तीनदा: पहिल्या घंटेआधी, मध्यंतरात, प्रयोगानंतर. मध्यंतरातली तपासणी सगळ्यात जास्त चुकते, कारण पहिल्या अंकात उजवीकडून गेलेली वस्तू डावीकडून बाहेर येते आणि दुसऱ्या अंकात पुन्हा उजवीकडे हवी असते.

रंगमंचावर फाडलं जाणारं पत्र असेल तर प्रयोगाला एक आणि वर दोन. दारूच्या जागी कोरा चहा, कप-ग्लास अर्धेच भरलेले. खायचा पदार्थ मऊ आणि ओलसर हवा. इडली, केळं चालतं. कोरडे पोहे, फरसाण बोलताना घशात अडकतात. रंगमंचावरच्या मोबाइलमध्ये सिमकार्ड नको.

प्लॅन_उघडला

बुकिंग आणि व्यवस्थापन हे खातं सगळ्यांना रुक्ष वाटतं आणि तिथेच उमेदवार सर्वांत कमी येतात. नाटक चालतं कसं ते मात्र इथेच कळतं.

एका प्रयोगाचा हिशेब मांडायला शिका: नाट्यगृहाचं भाडं आणि अनामत, जाहिरात, सगळ्यांच्या नाईट (दर प्रयोगाचं मानधन), टेम्पो, दिवे-ध्वनीचं भाडं, नाश्ता-जेवण. समोर तिकिटांची रक्कम. मग किती खुर्च्या भरल्या की प्रयोगाचा खर्च भरून निघतो ते काढा. तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर नाटकाला जीएसटी माफ आहे, म्हणून बऱ्याच नाटकांचा पहिला दर ५०० वर थांबलेला दिसेल. नाटकाच्या प्रयोगाला परवानगी देणाऱ्या परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, संगीताचे हक्क, नाट्यगृहाची पावती या सगळ्याची एक फाइल दौऱ्यात कायम सोबत असते. ती नीट लावणं हे उमेदवाराला पहिल्या दिवसापासून जमणारं काम.

नेहमीची चूक: एकाच खुर्चीची दोन तिकिटं. खिडकीवरचा कागदी प्लॅन (खुर्च्यांचा नकाशा) आणि ऑनलाइन विक्री यांच्या रांगा आधी वाटून घ्यायच्या. ऑनलाइन बंद झाल्यावर त्याची यादी काढून कागदी प्लॅनवर वेगळ्या रंगाने फुल्या मारायच्या, मगच उरलेल्या ऑनलाइनच्या खुर्च्या खिडकीवर विकायच्या. गर्दीत हा क्रम उलटला की तिसऱ्या घंटेला दोन कुटुंबं एकाच रांगेत उभी असतात.

पैशांचंही स्पष्ट बोला. उमेदवाराला पूर्ण नाईट मिळेलच असं नाही, पण येण्याजाण्याचा खर्च, प्रयोगाच्या दिवसाचं जेवण आणि दौऱ्यात झोपायची जागा हे मागण्यात संकोच नको. रात्री उशिरा मुलींना घरी सोडायची सोय कोण करणार, तेही आधी ठरवा.

निळा_जिलेटिन

सुरक्षेचं राहिलं. पुढून बंद बूट, चप्पल नाही. शिडीवर चढताना पाना मनगटाला दोरीने बांधलेला. भिंतीला टेकवलेली शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर. बार (दिवे टांगायचा आडवा नळ) खाली-वर होताना त्याच्याखाली कुणी नाही. जिथे काउंटरवेट (बार तोलून धरणारी वजनं) आहे तिथे बार खाली असताना आधी दिवे लावायचे मग वजनं, उतरवताना आधी वजनं काढायची मग दिवे. उलटं केलं की बार हातातून सुटतो. हे काम उमेदवाराने करायचं नाही, पण क्रम माहीत असावा, म्हणजे कुठे उभं राहायचं नाही ते कळतं.

विमा: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयासाठी, अपघाती मृत्यूला २ लाख. मात्र तिचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. एप्रिलमध्ये घेतली तर ३१ मेला संपते. जूनमध्ये प्रयोग असतील तर खात्यात पैसे आणि ऑटो डेबिट चालू आहे ना ते बघा.

दुसरा_प्रवेश

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटचं, सूतदोरी: टेम्पोत फ्लॅट आडवे घालायचे की उभे?

सूतदोरी

उभे, लांब कडेवर, रंगीत बाजू रंगीत बाजूला आणि मध्ये जुनी चादर. आडव्या थप्पीत सगळा भार खालच्या फ्लॅटवर येतो, खड्ड्यात त्याचं प्लाय मधोमध फुटतं. आधी लागणारा फ्लॅट सर्वांत शेवटी चढवायचा. दोरी चौकटीवरून घ्या, प्लायवरून नको. मेअखेरीस कोकण-गोव्याकडे जाणार असाल तर ताडपत्री हौद्यात आधीच टाकून ठेवा.